‘जरा’ आली

माझं शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमात झालं, पण घरात सगळे मराठीच बोलायचे. त्यामुळे पुण्यात दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम हाती घेतलं, तेव्हा भीती अशी वाटली नाही. पहिल्या दिवशी स्टुडिओतून बाहेर पडताना मात्र, आपल्याला आपलीच भाषा येत नाही की काय, असं वाटून गळा दाटून आला.

पुस्तक १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी छापलेलं होतं. पानोपानी ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘पांच’. टिंब दिसलं की मी नाकातून उच्चार करायचे. ‘पांच’चं ‘पान्च’ झालं आणि वाक्यं अडखळू लागली. ही टिंबं शब्दाच्या व्युत्पत्तीची खूण म्हणून लिहिली जात. बोलण्यातून तो आवाज गेलेला होता आणि म्हणूनच नव्या नियमांनी ती टिंबं काढून टाकली. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ध्वनिमुद्रण तपासणाऱ्या ताई स्वतः दृष्टिहीन. एका जागी त्यांनी आवाज थांबवला.

“अहो, इथे थोडी काय आली?”

मला प्रश्नच कळेना. पुस्तकात ‘जरा आली’ असं होतं, आणि मी तसंच वाचलं होतं.

“‘जवळ’मधला ‘ज’ लावलात तर ‘जरा’ म्हणजे थोडं. इथे ‘जीव’मधला हवा. म्हणजे म्हातारपण.”

कागदावर अक्षर एकच, आवाज दोन. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतल्या ‘च’चंही तेच. मग त्यांनी मला ‘माझा’ आणि ‘माझी’ सावकाश म्हणायला लावलं. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांच्या मुळाशी टेकते, ‘माझी’ म्हणताना मागे टाळूकडे सरकते. हे मी लहानपणापासून बिनचूक बोलत होते. पण देवनागरी वाचायला शिकले ती हिंदीतून, आणि हिंदीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचा एकेकच आवाज. त्यामुळे बोलताना आपोआप जमणारं वाचताना सुटत होतं. कारण सापडलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

शब्दांचा धडा त्यानंतरचा. सुरुवातीचं निवेदन मी लिहिलं होतं: ‘सदर ग्रंथात दीनांच्या व्यथा आहेत.’ ताईंना ‘दिनांच्या’ ऐकू आलं, म्हणजे दिवसांच्या. डोळ्यांनी वाचणाऱ्याला दीर्घ ‘दी’ दिसतो, ऐकणाऱ्याकडे मागे वळून पाहायला पानच नसतं. मी ते बदललं: ‘या पुस्तकात गरिबांची दुःखं आहेत.’ वाक्य साधं झालं आणि मलाच जास्त भिडलं.

आता वाचण्याआधी मी पानावर पेन्सिलीने खुणा करते. दातांकडच्या ‘च’, ‘ज’, ‘झ’खाली ठिपका देते आणि न उच्चारायच्या टिंबाला गोल करते. अडलं तर शब्दकोश पाहते, आणि तरीही शंका राहिली तर आईला फोन करून तो शब्द तिच्या तोंडून ऐकते.

ते पान मी पुन्हा वाचलं. ताई ऐकत होत्या. ‘जरा आली’ हे शब्द आले आणि गेले. त्यांनी आवाज थांबवला नाही. त्या म्हाताऱ्या माणसाचं पुढे काय झालं, तेच त्या ऐकत राहिल्या.