चक्कीची गाणी आणि पुसलेली डिस्क

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाची संगणकाशी ओळख जरा आडवाटेनंच होते. देवनागरीचं टंकलेखन यंत्र कधीच निघालं होतं, पण उर्दूची नस्तालीक लिपी यंत्राला दाद देत नव्हती. तिच्यात अक्षरं एका ओळीत सरळ बसत नाहीत. शब्द उजवीकडून सुरू होतो आणि उतारावरून उतरावा तसा खाली येतो. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं कातिबांच्या हातांवर चालली. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २०,००० जोड-आकार काढून नूरी नस्तालीक तयार केली आणि ही लिपी यंत्रावर आली. पुढे १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीनं ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर काढलं. त्यानंतर लग्नपत्रिकेपासून मासिकापर्यंत सगळं उर्दू त्यावर होऊ लागलं.

माझे अब्बा उर्दू शाळेत मुदर्रिस होते. निवृत्तीनंतर त्यांनी दोन बोटांनी इनपेज शिकून घेतलं. आमचं घर मुळशी तालुक्यात, पिरंगुटला. मी रोज चांदणी चौक ओलांडून पुण्यातल्या शाळेत जाते. संध्याकाळी घरी यावं तर अब्बा चष्मा कपाळावर चढवून टाइप करत बसलेले. काय लिहिता विचारलं तर म्हणायचे, “कुछ नहीं, दादी का हिसाब लिख रहा हूँ.”

तो हिशोब पैशाचा नव्हता. आमची दादी जात्यावर बसली की गायची. लग्नातली गाणी, हळदीची गाणी, लोऱ्या, अल्ला-रसूलची नावं गुंफलेली दळणाची गाणी. तिच्या बहिणी, जावा, शेजारणी, सगळ्यांची गाणी अब्बांनी आठवून, विचारून, जुन्या कॅसेट ऐकून उतरवली होती. कोणतं गाणं कोणाकडून मिळालं आणि तिचं माहेर कुठलं, हेही प्रत्येकाखाली लिहिलं होतं. सोळा-सतरा वर्षांचं काम. २०१९ मध्ये अब्बा गेले तेव्हा ते सगळं त्यांच्या लॅपटॉपमध्ये होतं.

अडचण अशी की त्यांचं इनपेज जुन्या आवृत्तीचं आणि ते चालायचं विंडोज एक्सपीवर. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबवलेली. जुन्या इनपेजच्या फाइलमधला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडावी तर नुसता चिन्हांचा चिवडा दिसतो. माझा मावसभाऊ हिंजवडीला नोकरी करतो. हिंजवडीचं ते आयटी पार्कही आमच्या मुळशी तालुक्यातच येतं, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. त्यानं अब्बांचं सगळं एका ‘व्हर्च्युअल मशीन’मध्ये बसवून दिलं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक. बाहेरचा लॅपटॉप लिनक्सवर चालतो. त्यात एक खिडकी उघडते आणि तिच्यात अब्बांची एक्सपी, तीच हिरवी टेकडी, तेच इनपेज. आतल्या विंडोजला वाटतं की आपल्याकडे खरीखुरी हार्डडिस्क आहे. प्रत्यक्षात ती बाहेरच्या लॅपटॉपवरची एक भलीमोठी फाइल असते. आमची चौदा जीबीची होती. अख्खं घर एका पेटीत, आणि ती पेटी उचलून फेकायला एक बटण पुरेसं.

गेल्या पावसाळ्यात ते बटण माझ्या भाच्यानं दाबलं. त्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जागा हवी होती. सगळ्यात मोठी फाइल कोणती ते पाहून त्यानं ती थेट काढून टाकली, कचरापेटीतही ठेवली नाही. खिडकीतली एक्सपी मात्र चालूच होती. मी सकाळी एक गाणं तपासायला उघडलेलं, ते तसंच पडद्यावर होतं. भाचा कुरकुरत माझ्याकडे आला, “खाला, इतनी बड़ी फाइल काढली, पण जागा तर वाढलीच नाही. रीस्टार्ट करू का?”

कोणती फाइल ते ऐकलं आणि माझ्या पायांतलं बळ गेलं. मी मावसभावाला फोन लावला. तो पहिलं वाक्य बोलला ते असं: “आपा, मशीन बंद नको करो. ढक्कन बी नको लगाओ. जागा नहीं बढ़ी ना? मतलब फाइल अभी है.”

नंतर त्यानं मला ते समजावून सांगितलं. मी शिक्षिका असल्यामुळे माझ्या भाषेत सांगते. लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि तिचा मजकूर वेगळा. फाइल पुसली म्हणजे हजेरीपटावरचं नाव खोडलं. पण मूल अजून वर्गात बसलेलं असेल, तर शिपाई वर्गाला कुलूप लावत नाही. एखादा प्रोग्राम ती फाइल उघडून बसला आहे तोवर तिची जागा मोकळी होत नाही. म्हणून तर भाच्याला जागा मिळाली नाही. रीस्टार्ट केलं असतं तर मूलही बाहेर गेलं असतं आणि वर्गही.

मग फोनवरून एकेक पायरी सुरू झाली. पेनड्राइव्ह आतल्या एक्सपीला ओळखता येईना, आणि सुरक्षेसाठी तिला इंटरनेटही जोडलेलं नव्हतं. तेव्हा आतून काही काढता येणार नव्हतं. आधी इनपेजमधली उघडी फाइल सेव्ह केली. मग आतलं मशीन बंद न करता ‘पॉज’ केलं. बंद केलं तर फाइल सुटते, आणि चालू ठेवलं तर नक्कल होत असताना ती बदलत राहते. लिनक्समध्ये ‘प्रोक’ नावाचा एक कप्पा असतो. प्रत्येक चालू प्रोग्रामनं कोणकोणत्या फाइली धरून ठेवल्या आहेत, त्यांची यादी तिथे मिळते. भाच्यानं आज्ञा टाइप केली आणि त्या यादीत आमच्या डिस्कचं नाव दिसलं. पुढे शेरा होता, ‘डिलीटेड’. त्या नोंदीवरून आख्खी फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवायची, त्याच लॅपटॉपवर नाही.

नक्कल सुरू झाली आणि वीज गेली. पावसाळ्यात आमच्याकडे हे नेहमीचंच. मुळशीच्या धरणाचं पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला उतरतं, त्यावर वीज तयार होते आणि मुंबईला जाते. आम्ही मेणबत्ती शोधतो. लॅपटॉपची बॅटरी जुनी, वीस-पंचवीस मिनिटांची. अम्मी तसबीह घेऊन बसली. भाचा पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत होता. सोळाव्या मिनिटाला नक्कल पूर्ण झाली. मावसभावानं मूळ फाइलचा आणि नकलेचा आकार अक्षरन् अक्षर जुळवून घ्यायला लावला, आणि मगच म्हणाला, “अब बंद करो.”

वीज आल्यावर नवं मशीन तयार करून त्याला ती डिस्क जोडली. एक्सपीनं आधी निळ्या पडद्यावर डिस्क तपासली, कारण तिच्या लेखी तिची वीज अचानक गेली होती. मग हिरवी टेकडी दिसली. अब्बांचं फोल्डर जागेवर होतं.

मशीन बंद झालं असतं तर काय, असं मी मागाहून विचारलं. तेव्हाही सगळं लगेच नष्ट होत नाही, तो म्हणाला. मजकूर डिस्कवर पडून असतो, फक्त त्याचा पत्ता हरवतो. त्यावर दुसरं काही लिहिलं जाण्याआधी वापर थांबवावा, अख्ख्या डिस्कची नक्कल घ्यावी आणि त्या नकलेवर टेस्टडिस्क, फोटोरेक अशी मोफत साधनं चालवून पाहावीत. पण चौदा जीबीची फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असते. तिचे सगळे तुकडे ओळीनं मिळणं कठीण. नव्या एसएसडी डिस्का तर पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकतात. त्यानं एक मोठी गोष्टही सांगितली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ नावाच्या खंडणीखोर हल्ल्यानं जगभरातल्या हजारो सर्व्हरांची व्हर्च्युअल मशीनं बंद पाडली. पण सुरुवातीला अनेक ठिकाणी त्या हल्ल्यानं फक्त लहान वर्णनाच्या फाइली बिघडवल्या होत्या, मोठी डेटाची फाइल शाबूत होती. तुर्कस्तानच्या दोन तंत्रज्ञांनी ते वर्णन पुन्हा लिहून मशीनं उठवण्याची रीत दाखवली. मग अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं त्यासाठी साधन मोफत दिलं.

त्यानंतर मी अब्बांच्या फाइली एकेक करून युनिकोडमध्ये आणायला घेतल्या. रूपांतरात शब्द तुटतात, म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. त्यात मला एक फाइल सापडली, जिची मला कल्पना नव्हती. लिपी उर्दू, पण वाचू लागले तर भाषा मराठी! दादीनं जात्यावर गायलेल्या मराठी ओव्या अब्बांनी उर्दू अक्षरांत उतरवल्या होत्या. उर्दूत ‘ळ’ नाही. अब्बांनी सुरुवातीलाच टीप लिहिली होती की, लामखाली नुक्ता दिसला तर ‘ळ’ वाचावं.

“तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता,” हे वाक्य मी बसमध्ये, बँकेत, प्रशिक्षणवर्गात कितीदा तरी ऐकलं आहे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, म्हणून हसून घेते. पण आता मला त्या लामखालच्या नुक्त्याची आठवण येते. दादीला लिहिता येत नव्हतं. आपण दखनी गातो की मराठी, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. दळण एक होतं आणि जातं एक होतं. दखनीत तर चक्कीनाम्यांची जुनी परंपराच आहे. विजापूरच्या सूफींच्या भोवती रचली गेलेली ही गाणी बायकांनी दळता दळता घरोघरी नेली. रिचर्ड ईटन यांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात त्याविषयी लिहिलं आहे.

आमच्या तालुक्यात असं काम याआधी झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, ती मुळशीच्या डोंगरातल्या कष्टकरी बायकांच्या साथीनं. पुढे हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. बर्नार बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांचं ध्वनिमुद्रण आणि संगणकावरची मांडणी हाती घेतली. गी पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. टेप जुन्या होतात, संकेतलिपी बदलतात, माणसं जातात. तरी तो ठेवा टिकला आणि २०१७ पासून ‘परी’वर गाणाऱ्या बाईच्या नावागावासह ऐकायला मिळतो. टिकला, कारण दर वेळी कुणीतरी तो जुन्या पेटीतून नव्या पेटीत हलवला.

ज्यांना वेळेत हलवता आलं नाही, त्यांचंही उदाहरण आमच्यासमोर आहे. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी धरणाविरुद्ध लढले. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. तिथल्या जात्यांवर कोण काय गात होतं, ते आता कोणत्या कप्प्यात शोधायचं?

अब्बांच्या गाण्यांच्या आता तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक हिंजवडीला आणि एक कागदावर छापून अम्मीच्या कपाटात. कागदाची कल्पना भाच्याची. उर्दू शिकतो आहे तो, संथपणे, पण शिकतो आहे. यंदा मी आठवीच्या मुलींना सुट्टीचा अभ्यास दिला: नानी-दादीकडून एक गाणं ऐकून या, ज्या भाषेत असेल त्या भाषेत लिहा आणि खाली तिचं पूर्ण नाव लिहा. एका मुलीनं विचारलं, “टीचर, मराठी गाना उर्दू में लिखे तो चलेगा?”

मी फळ्यावर लाम काढलं आणि त्याखाली नुक्ता दिला.