भिंतीच्या पोटातला दोष : १९९३चा भूकंप आणि घराची खरेदी

१/ धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यात घर विकत घेणारा माणूस पुष्कळ गोष्टी तपासतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा, चतुःसीमा, वाटेचा हक्क, भावाभावांतली वाटणी. भिंतीच्या पोटात काय आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. या जिल्ह्याने त्या प्रश्नाची किंमत ३० सप्टेंबर १९९३ रोजी मोजली.

२/ आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे नुकतीच निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारीचे नाव जगभर गेले. पण लातूरच्या औसा तालुक्याइतकाच तेव्हाच्या उस्मानाबादचा उमरगा तालुकाही उद्ध्वस्त झाला. सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे याच जिल्ह्यातली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे गेली.

३/ एवढी हानी तीव्रतेच्या आकड्यावरून उलगडत नाही, घरांवरून उलगडते. मराठवाड्यातले जुने घर माळवदाचे. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, चिखलाचा दर्जा, लाकडी खांब व तुळया आणि वर मातीचा जाड थर. छत गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी आणखी माती पडे. वैशाखात असे घर गार राही, म्हणून ते प्रतिष्ठेचे.

४/ अशी भिंत बाहेरून एकसंध दिसे. आत मात्र ती दोन वेगळ्या थरांची असे. मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती. दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. धक्का बसताच थर एकमेकांपासून सुटले, भिंती फुगून ढासळल्या आणि छताची माती निजलेल्या माणसांवर आली. गवताने शाकारलेल्या झोपडीतला गरीब अनेक ठिकाणी वाचला. दगडी वाड्यातला सधन शेतकरी गाडला गेला.

५/ पूर्वसूचना मिळाली नव्हती असे नाही. ऑगस्ट १९९२पासून किल्लारी परिसरात धक्के जाणवत होते. १८ ऑक्टोबर १९९२चा धक्का विशेष जोराचा होता. पुढे ते मंदावले, तशी भीतीही ओसरली. सरकारी नकाशाही निश्चिंत होता.

६/ हा नकाशा भारतीय मानक १८९३ यातला. हे मानक प्रथम १९६२ साली आले. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाने दख्खनच्या स्थैर्यावरील विश्वासाला पहिला मोठा तडा दिला आणि १९७०मध्ये नकाशा बदलला. तरीही १९९३ साली किल्लारी परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रातच होता. पूर्वीच्या भूकंपांच्या नोंदी हा अशा नकाशाचा मोठा आधार; जिथे नोंद नाही तिथे धोका कमी धरला जातो. २००२च्या आवृत्तीत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि हा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

७/ जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार जमिनीवर ठरला : भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०.

८/ याहून व्याप्त काम दुरुस्ती व मजबुतीकरणाचे होते. १३ जिल्ह्यांत दोन लाखांच्या आसपास घरे त्यात आली. छतावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार सांधे घालणे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवणे, असे उपाय होते. लोकांना ते समजावून देण्यासाठी गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या; स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता.

९/ पुढे कुटुंबे वाढली. २५० चौरस फुटांत दोन भावांचे संसार मावेनात. मूळ घराला टेकून खोल्या उभ्या राहिल्या : कुठे पत्र्याच्या, कुठे पुन्हा दगडमातीच्या. असे घर विकायला निघते तेव्हा भूकंपरोधक भाग कोणता आणि मागाहून जोडलेला कोणता, हे कागदावर सहसा नसते.

१०/ कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५. विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला साधारण दक्षता घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. भिंतीतला दोष याच जातीचा. अडचण अशी, की तो पुष्कळदा विक्रेत्यालाही ठाऊक नसतो. आजोबांनी बांधलेली भिंत कोणी उकलून पाहिलेली नसते.

११/ २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आतील बांधकामाचे दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करावेत, असे बंधन घातले. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा ८ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला तिथे नोंदणीची सक्ती नाही. गावातल्या जुन्या घराची पुनर्विक्री तर या संरक्षणाच्या बाहेरच राहते.

१२/ कॅलिफोर्नियात १९७२पासून कायदा आहे : घर सक्रिय भ्रंशरेषेच्या अधिसूचित पट्ट्यात असेल, तर ते विक्रीआधी खरेदीदाराला सांगावे लागते. आपल्याकडे नोंदणीनंतर हाती येणाऱ्या सूची क्रमांक २वर क्षेत्रफळ, मोबदला, बाजारभाव, मुद्रांक शुल्क असते. भूकंपक्षेत्राचा रकाना त्यात नाही.

१३/ तोवर प्रश्न खरेदीदारानेच विचारायचे आहेत. भिंत मातीत बांधली की सिमेंटात? आरपार दगड आहेत का? दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवला आहे का? माळवदावर मातीचा थर किती? कोणती खोली नंतरची? १९९३ साली पाळण्यात असलेली मुले आज स्वतः घरे घेत आहेत. त्यांना ती पहाट आठवत नाही; गावातल्या वडीलधाऱ्यांना आठवते. विसारापूर्वी एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसायला हरकत नाही.