‘टेकओव्हर’ला एखादा सॉफ्ट शब्द?

एखाद्याची खुर्ची काढून घ्यायची झाली, तर इंग्रजीत शब्दांची टंचाई नाही. टेकओव्हर आहे, सीझ आहे, यूझर्प आहे. आउस्ट, सप्लांट, सुपरसीड, रिप्लेस, सक्सीड... आणि अख्खं राज्यच घ्यायचं असेल तर ॲनेक्स! वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ-सेव्हन दाबून थिसॉरस उघडला, की असे सगळे पाहुणे एकाच पंगतीत बसलेले दिसतात. थिसॉरसचा घोटाळा तोच आहे. तो म्हणतो, हे सगळे एका अर्थाचे. काडीचेही नाहीत!

हा विषय माझ्या टेबलावर आला तो एका मेलमुळे. मी कोल्हापुरात एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम करते. माझं डेसिग्नेशन काहीही असो, ‘हिचं इंग्लिश बरं आहे’ म्हणून सगळ्या अनाउन्समेंट्स माझ्याकडून लिहून घेतात. (तुमच्याही ऑफिसात अशी एक व्यक्ती असते. नसेल, तर ती तुम्हीच आहात.)

तर आमच्याकडे डिस्पॅच सांभाळणारे एक सर. सव्वीस वर्षं एकाच टेबलावर. रिटायरमेंटला दोन वर्षं बाकी असताना हेड ऑफिसनं ठरवलं, की तिथे आता मुंबईहून एक तरुण मॅनेजर येणार आणि सर ‘ॲडव्हायजर’ होणार. ॲडव्हायजर म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. केबिन नाही, सहीचा अधिकार नाही, चहा मात्र वेळेवर. मी ‘टेकओव्हर’ असं लिहून ड्राफ्ट दाखवला. बॉसनं मान हलवली. ‘‘हा शब्द नको गं, हार्श वाटतो. काहीतरी सॉफ्ट बघ. लंचपर्यंत दे.’’

सॉफ्ट! बरं. मी एकेक शब्द उचलून बघायला लागले.

पहिला ‘सप्लांट’. रोपटं लावल्यासारखा किती गोड वाटतो, नाही? पण लॅटिनमध्ये ‘प्लांटा’ म्हणजे तळपाय, आणि सप्लांटचा मूळ अर्थ पायात पाय घालून पाडणं. आता हे कोल्हापूरकराला समजावायला डिक्शनरी कशाला? शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात बसलेलं कुठलंही शेंबडं पोर सांगेल, याला टांग म्हणतात. फक्त एक फरक. कुस्तीत दोघं आधी हात मिळवतात, समोरासमोर उभे राहतात, आणि एकानं पाठीवर जाऊन ताबा घेतला तरी पाठ मातीला लागेपर्यंत खालच्याला संधी असते. ऑफिसात टांग बसल्याचं मेल आल्यावर कळतं.

मग ‘सुपरसीड’. मूळ अर्थ, वर बसणं. आपल्याकडे याचं भाषांतर कधीच झालेलं आहे, ‘डोक्यावर आणून बसवला’! ‘रिप्लेस’ तर विचारातच घेतला नाही. तो टोनरसाठी, ट्यूबलाइटसाठी, क्लच प्लेटसाठी. ‘आउस्ट’ पेपरच्या हेडलाइनसाठी, कारण जागा कमी लागते.

‘यूझर्प’वर मात्र मी बराच वेळ थांबले. या शब्दात घेणाऱ्याचं पाप आधीच लिहिलेलं असतं. वापरता वापरता बळकावणं, असं त्याचं लॅटिन मूळ. आपला वहिवाटीचा दावाच म्हणा ना! पण पाप नक्की कुणाचं, हे कोण ठरवणार? रोज कंपनीच्या बसमधून ताराराणी चौक ओलांडताना घोड्यावरच्या महाराणी ताराबाई दिसतात. राजाराम महाराज १७०० साली गेले, त्यानंतर मुलाच्या नावानं कारभार हाती घेऊन औरंगजेबाशी झुंजणारी बाई. १७१४ साली पन्हाळ्यावर त्यांची सवत राजसबाई हिनं सत्तापालट घडवला. ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत गेले आणि राजसबाईचा मुलगा संभाजी गादीवर आला.

आता या घटनेला थिसॉरसमधला कुठला शब्द लावाल? ताराबाईंना विचारलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, यूझर्प. राजसबाई म्हणाली असती, माझा मुलगाही राजाराम महाराजांचाच, तेव्हा सक्सीड. आणि साताऱ्यात बसलेले छत्रपती शाहू मनातल्या मनात म्हणाले असते, गादी आमची, तुम्ही दोघंही कोण? घटना एक, तारीख एक, गड एक, आणि क्रियापदं तीन! थिसॉरस हे सांगत नाही. तो फक्त शब्द देतो, शब्द कुणाच्या तोंडी आहे ते देत नाही.

‘सक्सीड’ हा त्यातल्या त्यात सज्जन. इंग्रजीत गादीवर येणं आणि यशस्वी होणं, दोन्हीला हाच एक शब्द. आणि त्याचे दोन्ही अर्थ एकाच माणसाला लागू पडल्याचं उदाहरण हवं असेल, तर गावाबाहेर जायला नको. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि शाहू झाला. २ एप्रिल १८९४ ला राज्याची सूत्रं त्यांच्या हाती आली आणि १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. यात कुणाला ढकललं नाही, कुणाला पाडलं नाही. रिकाम्या गादीवर माणूस आला, बस्स.

पण हेच दत्तकविधान छत्तीस वर्षं आधी साताऱ्यात चाललं नव्हतं. एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याचे राजे आप्पासाहेब वारले. मरण्याआधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. डलहौसीनं तो वारस मानला नाही आणि राज्य घेऊन टाकलं. आणि त्या धोरणाचं नाव काय? डॉक्ट्रिन ऑफ ‘लॅप्स’! हप्ता भरायचा राहिला की एलआयसीची पॉलिसी होते ना, तसं राज्य लॅप्स झालं. म्हणजे आम्ही काही केलंच नाही हो, तुमचीच मुदत संपली. पुढे नागपूर गेलं, झाशी गेली. १८५७ चा उठाव झाल्यावर इंग्रजांना अक्कल आली आणि दत्तकाचा हक्क त्यांनी मान्य केला, म्हणून १८८४ साली कोल्हापूरला ती अडचण आली नाही.

माझ्या मते अख्ख्या यादीतला सगळ्यात भयंकर शब्द हाच. सीझ करणाऱ्याचा निदान हात दिसतो. लॅप्समध्ये हातच नाही. मराठीतही आपण बघा, ‘राज्य खालसा झालं’ म्हणतो. झालं! जसा पाऊस झाला, लग्न झालं. २००७ साली व्होडाफोननं हचमधला मोठा हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलर मोजून विकत घेतला, पण आपल्या लेखी ‘हचची व्होडाफोन झाली’. ते गुणी पग कुत्रं गुलाबी घरातून निघालं आणि लाल घरात जाऊन बसलं, संपला विषय. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात ‘विलीन झालं’. (लोकशाहीसाठी ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. शब्दाची गंमत सांगतेय.) २०२१ च्या मे महिन्यात गोकुळच्या निवडणुकीत वर्षानुवर्षांचा गट पडला, तेव्हाही ‘सत्तांतर झालं’. अर्थात तिथे निदान मतं मोजली होती.

त्यापेक्षा आपले बाजारातले शब्द बरे. डच्चू दिला, नारळ दिला, पत्ता कट केला, उचलबांगडी केली. उद्धट आहेत, पण दिला म्हणजे कुणीतरी दिला, केली म्हणजे कुणीतरी केली. उचलबांगडीत तर चौघांनी हातपाय धरून माणसाला उचललेलं अगदी डोळ्यांसमोर येतं. अर्थात हे शब्द बॉसला सुचवायची माझी हिंमत नव्हती.

मग लंचच्या दहा मिनिटं आधी एक गोष्ट लक्षात आली. या सगळ्या शब्दांत, उद्धट असो नाहीतर सॉफ्ट, जाणारा माणूस काहीच करत नाही. त्याला पाडतात, हटवतात, उचलतात, नाहीतर तो आपोआप संपतो. आणि सरांनी तर सव्वीस वर्षं काम केलं होतं. सरकारी कचेरीत मात्र एक जुना, रुक्ष वाक्प्रचार आहे, ‘चार्ज देणे’. त्यात घेणारा असतो, पण आधी देणारा असतो. दिल्याशिवाय घेता येत नाही! इंग्रजीतही ‘हँड ओव्हर’ आहेच की. मी वाक्य फिरवलं. नवे मॅनेजर टेकओव्हर करणार नाहीत, सर चार्ज हँड ओव्हर करतील. सर कर्ता, नवा माणूस नंतर.

बॉसनं वाचलं, दोन मिनिटं टाइप केलं आणि मेल सेंड केला. माझ्या इनबॉक्समध्ये आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, की डिस्पॅच विभागात येत्या एक तारखेपासून ‘ट्रान्झिशन’ होत आहे. सॉफ्ट शब्द त्यांना सापडला होता. लॅप्सचा सख्खा चुलतभाऊ.

पण आमच्याकडे मेलशिवाय एक नोटीस बोर्डही असतो. शॉप फ्लोअरवरच्या लोकांसाठी मराठी नोटीस लागते, ती मी लिहिते आणि ती कुणीही तपासत नाही. मी लिहिलं, ‘सर दिनांक १ रोजी डिस्पॅच विभागाचा चार्ज देत आहेत.’ एवढंच. सर बोर्डासमोर उभे राहिले, चष्मा वर सरकवून वाचलं आणि माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आता काहीतरी भावुक बोलतील. ते म्हणाले, ‘‘देत आहेत, हे बरोबर आहे. पण मग यादी करायला पायजे की गं!’’

आणि त्यांनी यादी केली. चार दिवस करत होते. किल्ल्या, शिक्के, गेट पासची पुस्तकं. कुठल्या ट्रान्सपोर्टचा माणूस दोननंतर फोन उचलत नाही. कुठल्या गिऱ्हाइकाला चलनाच्या तीन प्रती लागतात. कुठला ड्रायव्हर वजनात गडबड करतो, आणि कुठला करत नाही पण तसा दिसतो. नवा मॅनेजर पहिल्या दिवशी लॅपटॉपवर टिपणं घेत होता, दुसऱ्या दिवशी त्यानं स्टोअरमधून वही मागून घेतली. पोरगा वाईट नव्हता. त्यालाही कुणीतरी मुंबईतून उचलूनच इथे आणून ठेवलं होतं.

एक तारखेला शेवटच्या पानाखाली दोन रकाने आखले होते. चार्ज देणार. चार्ज घेणार. सरांनी आधी सही केली, तारीख घातली आणि पेन त्याच्याकडे दिलं.

‘‘पावसाळ्यात आंबा घाटातनं जाणाऱ्या गाड्यांची ताडपत्री स्वतः बघायची,’’ ते म्हणाले. ‘‘ते यादीत लिहायचं राहिलंय.’’

त्यानं सही करायच्या आधी तेही वहीत उतरवून घेतलं.