ऱ्हाईनकांठचीं रानद्राक्षें

द्राक्ष म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें नाशिकचे मांडव उभे राहतात. तारांवर सारख्या उंचीनें पसरलेल्या वेली, एकाच मापाचे घड आणि एकाच गोडीचे मणी! या सारखेपणाचेंच आपणांस कौतुक वाटतें. परंतु द्राक्षवेल ही मूळची मांडवावरची नव्हे, अरण्यांतली; आणि तिचें तें अरण्यांतील रूप मध्य युरोपांत आतां फारच थोड्या ठिकाणीं उरलें आहे. त्यांपैकीं एक ठिकाण पाहण्याचा योग आम्हांस जर्मनीच्या प्रवासांत आला. तें म्हणजे केच गांवानजीकचें ऱ्हाईन नदीचें बेट.

हायडेलबर्गचा किल्ला व विद्यापीठ पाहावयास आपल्याकडील पुष्कळ लोक जातात. पण तेथून थोड्याच अंतरावर असलेल्या केचकडे सहसा कोणी वळत नाहीं. गांव संपलें कीं ऱ्हाईनच्या जुन्या पात्राचें संथ, हिरवट पाणी लागतें. त्यावरील पूल ओलांडला कीं ओक, ॲश, एल्म अशा वृक्षांचें दाट रान सुरू होतें. येथें द्राक्ष शोधावयाचें तर मान वर करावी लागते. सालपटें सुटलेलें, दोरखंडासारखें खोड झाडाच्या शेंड्यापर्यंत गेलेलें असतें व पानें तेथें उन्हांत पसरलेलीं असतात. फळ म्हणाल तर बारीक, काळें-निळें, आंबट आणि बियांनीं भरलेलें.

बागेंतल्या द्राक्षाच्या एकाच फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही आपापलें काम करितात. रानवेलींत मात्र नर वेल निराळी, मादी वेल निराळी. म्हणून रानांतील प्रत्येक नवी वेल ही दोन भिन्न वेलींचें अपत्य असते. बागेंतली वेल काडी लावून वाढवितात. म्हणजे एकाच वेलीचीं तीं लक्षावधि प्रतिबिंबें! एकीस जो रोग मानवला तो सर्वांस मानवावयाचा.

याचा कडू अनुभव युरोपनें १८६० नंतर घेतला. अमेरिकेहून आलेल्या फायलोक्झेरा या किडीनें फ्रान्समधील मळे मुळांशींच पोखरून टाकिले. अखेर अमेरिकन रानवेलींच्या खुंटांवर कलमें बांधून तेथील द्राक्षें वांचविण्यांत आलीं. आपल्याकडील बागाइतदार क्षारट जमीन व पाण्याची टंचाई यांस तोंड देण्यासाठीं ज्या ‘डॉगरिज’ खुंटावर थॉमसनचें कलम बांधतात, तोही टेक्सासच्या रानवेलीचाच वंश. आपल्या ताटांतील गोड मण्याला असा रानाचा आधार आहे.

आणि त्या रानाची स्थिति काय? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ग्मेलिन या वनस्पतिशास्त्रज्ञानें ऱ्हाईनकांठच्या रानद्राक्षाचें वर्णन करून त्यास स्वतंत्र नांव दिलें. पुढें १८१७ मध्यें टुला या अभियंत्याच्या योजनेनें नदी सरळ करण्यास आरंभ झाला, आणि सुमारें साठ वर्षांत बाझेल ते वर्म्स हा प्रवाह ८१ किलोमीटरांनीं आंखूड झाला. पूर आटोक्यांत आले, हिवताप हटला, शेती वाढली. लोकांचें कल्याण झालें हें कोण नाकारील? परंतु ज्या ताज्या गाळांत, मोकळ्या उन्हांत रानवेलीचें बीज रुजावयाचें, तो गाळही नाहींसा झाला. जमिनींतील किडीला बुडविणारें पुराचें पाणीही गेलें. आणखी गंमत अशी कीं, जुन्या मळ्यांतून निसटलेले अमेरिकन खुंट आतां स्वतःच रानांत माजून अस्सल रानवेलीशीं संकर पावूं लागले आहेत!

कार्ल्सरूह येथील तंत्रविद्या संस्थेच्या उद्यानांत केचच्या वेलींचा संग्रह काड्यांपासून वाढवून राखला आहे. जनुकांच्या खुणा तपासून अस्सल वेल कोणती व मिश्र कोणती हें तेथें ठरवितां येतें. तेथील प्राध्यापक पेटर निक व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ सालीं असें दाखविलें कीं, यांतील कांहीं वेली संकट येतांच संरक्षक द्रव्यें विपुल निर्माण करितात आणि केवड्याच्या रोगास अधिक दाद देत नाहींत. २०२३ सालीं साडेतीन हजारांहून अधिक वेलींच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मनुष्यानें द्राक्ष सुमारें ११,००० वर्षांपूर्वीं पश्चिम आशिया व कॉकेशस या दोन प्रदेशांत माणसाळविलें, आणि युरोपांत नेतांना त्याचा तेथील रानवेलींशीं संबंध येत गेला. म्हणजे रानाचें हें ऋण आजचें नव्हे.

उद्यानांतील संग्रह हवाच. तो नसता तर कित्येक वेली कायमच्या गेल्या असत्या. परंतु काडीनें जपलेली वेल कालची होती तशीच राहते, आणि रोग मात्र नवे येत असतात. नवी जुळणी बीजांतूनच व्हावयाची, आणि बीजाला मोकळी नदी हवी. अलीकडे ऱ्हाईनकांठीं पुराचें पाणी सामावून घेण्यासाठीं कांहीं जागा नदीस परत देण्याचें काम चाललें आहे. तीरावरील रहिवाशांस आपल्या तळघरांत पाणी शिरेल अशी धास्ती वाटते, आणि ती अनाठायीं म्हणतां येत नाहीं. तरीही आमच्या मतें हा सौदा करण्याजोगा आहे. पेटींत जपून ठेविलेल्या बियाण्यानें घराणें टिकत नाहीं. तें शेतांत पडून पुन्हा उगवावें लागतें.