बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत

तिच्या वडिलांच्या चष्म्यात दोन्ही काचांच्या तळाशी एकेक अर्धचंद्र होता. हैदराबादेत जांबागच्या शाळेत शिकवून नामपल्लीच्या घरी आले की ते वह्या तपासायला बसत. वरून लांबचं दिसे, खालून जवळचं. अडचण व्हायची ती मधल्या अंतराची. हातभर लांबच्या फळीवरचं पुस्तक शोधताना हनुवटी आधी वर, मग खाली, आणि शेवटी उठून कपाटाशी जाणं.

बायफोकलची हीच उणीव फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ या तरुण अभियंत्यालाही खटकली होती. त्याच्याही डोळ्यांसमोर वडिलांचा चष्मा होता, असं सांगतात. नंबर वरून खाली हळूहळू वाढत जाणारी त्याची व्हेरिलक्स काच 1959 साली बाजारात आली. तशा काचेचं पेटंट इंग्लंडच्या ओवेन एव्हजने 1907 मध्येच घेतलं होतं, पण ती विक्रीला आली नाही.

ती स्वतः ग्रंथपाल झाली. चाळिशी लागली तेव्हा वाचायचा साधा चष्मा गळ्यात दोरीने अडकवून तिने काही वर्षं काढली. पण नोंदवही जवळ, संगणक त्यापलीकडे, पुस्तकांचे कणे आणखी लांब आणि दारातून येणारा वाचक त्याहून लांब. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं आणि ही सगळी अंतरं एकटं सांभाळू शकत नाही. तिने हळूहळू वाढत्या नंबराचा चष्मा, म्हणजे प्रोग्रेसिव्ह, करून घेतला, एका दुकानात, घाईघाईने. वाचताना मान मागे टाकावी लागे. संध्याकाळी मान आखडून जाई आणि घरचे म्हणत, सवय होईल.

सवय लागतेच, पण चुकीच्या मापाची लावून का घ्यायची?

पुढचा चष्मा स्टेशन रोडवरच्या एका म्हाताऱ्या कारागिराने केला. त्याने काचांच्या किमती आधी सांगितल्याच नाहीत. पहिल्यांदा फ्रेम. तिला आवडलेली अरुंद फ्रेम त्याने बाजूला ठेवली, कारण तिच्यात वाचनाचा भाग कापला गेला असता. दुसरी घालून नाकावरचे पॅड वाकवले, काड्या कानामागे बसवल्या. माप घ्यायचं ते त्यानंतरच. मग स्टूल खाली करून तो तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसला. “गर्दन नक्को हिलाओ अम्मा, मेरी इस आँख में देखो.” उजव्या बाहुलीसाठी तिने त्याच्या डाव्या डोळ्यात पाहायचं, डाव्या बाहुलीसाठी उजव्या. फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेवर त्याने पेनने दोन ठिपके दिले आणि पट्टी लावली: नाकाच्या मध्यापासून उजवीकडे 31.5 मिलिमीटर, डावीकडे 30. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, म्हणून एकूण 61.5 लिहून निम्मं करणं चालत नाही. बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत 19. हे माप दोन मिलिमीटर कमी लिहिलं गेलं, तरी वाचनाचा भाग खाली जातो आणि हनुवटी उचलावी लागते. तिच्या मानेचं दुखणं असंच काहीसं असणार.

कडेला दिसणारी धूसरता मात्र कुठल्याही कारागिराला पुरती घालवता येत नाही. मिंकविट्झ या गणितज्ञाने 1963 साली गणिताने दाखवलं की, मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या साधारण दुप्पट वेगाने बाजूला नको असलेला सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेचा नंबर, साचतो. महागड्या काचा तो इकडेतिकडे पसरवतात, नाहीसा करत नाहीत. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायलाच हवं. नवा चष्मा घालून स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना तिला पायाखालची पायरी हलताना दिसली, कारण नजर वाचनाच्या भागातून जात होती. हनुवटी छातीकडे घेतली की पायरी जागेवर येते, हे म्हाताऱ्याने आधीच सांगितलं होतं.

काचा आल्या तेव्हा त्यांवरच्या छापील खुणा त्याने लगेच पुसल्या नाहीत. चष्मा तिच्या नाकावर ठेवून फुल्या बाहुल्यांवर येतात का, ते बघितलं आणि मगच स्पिरिटचा बोळा फिरवला.

आता ती नंबराच्या चिठ्ठीवर ही तिन्ही मापं लिहून मागते. कुणी लिहून द्यायला कुरकुर केली, तर फ्रेम कितीही आवडली असली तरी ती दुसरं दुकान बघते.