बुलेट आणि पेट्रोलची वाट

मध्यरात्री आजाऱ्याच्या घरून बोलावणे यावे आणि जुन्या बुलेटने किकला दाद देऊ नये, अशा वेळी पुष्कळजण तडक कार्ब्युरेटर खोलावयास बसतात. मला ती घाई पटत नाही. पेट्रोलची वाट टाकीपासूनच तपासावी. नळी सोडून, कॉक उघडून धार बाटलीत घ्यावी (विडीवाल्यांनी दूर राहावे!). धार हळूहळू क्षीण झाली आणि टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा वाहू लागली, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे असे समजावे. आत हवा शिरल्यावाचून पेट्रोल उतरत नाही. धार ठीक असेल, तरच जेटकडे वळावे. तो तारेने कोरू नये, छिद्र रुंदावते. जोराची फुंकर पुरते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते, जुने रबर बिघडवते. म्हणून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीतील पेट्रोल मी आधी काढून टाकतो, मगच किक मारतो.