साडेसात फेऱ्या

1996 साली आषाढ अधिक आला होता. त्यामुळे माउलींची पालखी फलटणला पोचेपर्यंत जुलैचा मध्य उलटून गेला. कॉलेजचं माझं शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं आणि तिकडे अटलांटाला ऑलिंपिकची तयारी पुरी होत आली होती. एरवी विमानतळाच्या ज्या माळावर आम्ही पहाटे धावायचो, तिथे तंबू आणि राहुट्या उभ्या राहिल्या. सरांनी दोन दिवस सराव बंद ठेवला. ठेवावाच लागला, कारण पाय ठेवायला जागा नव्हती आणि अर्ध्या संघाच्या घरी वारकरी जेवायला होते.

त्या वर्षी बायकांची 5,000 मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होणार होती. त्याआधी 1984पासून बायकांसाठी 3,000 मीटर असे. आमच्या मैदानांवर अजून तेच अंतर चालू होतं आणि शाळेपासून मी तेच धावत आले होते. 400 मीटरच्या ट्रॅकवर साडेसात फेऱ्या. सुरुवात समोरच्या बाजूने, म्हणजे आधी अर्धी फेरी, मग सात पुऱ्या. शेवटच्या फेरीची खूण म्हणून कुणीतरी शिपाईमामा टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला हाणायचे.

आमचं घर माळकरी. म्हणजे मांसमच्छी नाही, अंडं नाही, महिन्याच्या दोन्ही एकादशा आणि संध्याकाळी हरिपाठ. सर पहिल्या वर्षी घरी येऊन आबांना म्हणाले होते, की पोरीला खुराक पाहिजे. आबांनी शांतपणे विचारलं, "शेंगदाण्यात काय नसतं, मास्तर?" त्यावर सर हसले आणि पुढची सगळी वर्षं मोड आलेली मटकी, गूळ-शेंगदाणे आणि दूध एवढ्यावर त्यांनी माझा खुराक बसवून दिला. हरिपाठाचा तर मला थेट उपयोग झाला. दोन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर, असं सर शिकवायचे. मी त्यात 'रामकृष्ण' आणि 'हरी' बसवलं. टाळाच्या ठेक्यात लहानपणापासून बसलेलं अंग होतं, त्यामुळे चाल आपोआप सांभाळली जायची. मनगटी घड्याळ माझ्याकडे नव्हतं आणि त्याची उणीवही कधी भासली नाही.

त्या जुलैत आबांबरोबर मी सदाशिवनगरच्या गोल रिंगणाला गेले. आधीही गेले होते, पण खांद्यावर बसून. या वेळी पहिल्यांदा धावणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं. मधोमध पालखी, भोवती दिंड्या आणि त्यांच्यामधून मोकळी सोडलेली गोल वाट. आधी पताकावाले धावले, मग तुळशीवाल्या, मग विणेकरी. सगळे घोड्यांची वाट बघतात, मी मात्र तुळशीवाल्यांवरच खिळले. साठीच्या आसपासच्या बायका. नऊवारीचा काष्टा, पायात काही नाही, डोक्यावर पितळी वृंदावन, एक हात त्याला लावलेला, बऱ्याच जणींचा तोही नाही. कंबरेखाली सगळं अंग धावतंय आणि मानेपासून वर काहीच हलत नाही. तुळशीचं पानसुद्धा नाही. सर तीन वर्षं मला हेच सांगत होते, "मान सैल सोड, खांदे खाली, डोकं उचकटू नकोस," आणि थकले की माझं डोकं डावीकडे कलायचंच. त्या बायकांना हे कुणी शिकवलं होतं? रोज हंडा-कळशी वाहणाऱ्या माना त्या. मग स्वाराचा अश्व सुटला, त्याच्यामागून माउलींचा मोकळा अश्व, आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. मीही लावली. पण मी जी दोन बोटं मातीत घातली, ती तुळशीवाल्यांच्या वाटेवर.

परतताना टेम्पोत मी आबांना विचारलं, "इतकी वर्षं जाताय, विठोबाकडं काय मागता?"

आबांना प्रश्नच नीट कळला नाही बहुतेक. म्हणाले, "अगं, पायावर डोकं टेकतंय न टेकतंय तवर मागचा ढकलतोय. मागाय सवड कुणाला हाय? आन् बऱ्याच साली तर कळस बघूनच माघारी."

मी तोवर पुष्कळ मागितलं होतं. शिखर शिंगणापूरच्या महादेवाला नारळ बोलले होते, गावच्या मारुतीला तेल, फलटणच्या रामाला मार्गशीर्षातल्या रथाच्या वेळी साखर. प्रत्येक स्पर्धेआधी देवाशी माझा असा व्यवहार असायचा आणि तो मनापासून असायचा. त्या टेम्पोतल्या उत्तरानंतर तो थांबला. ठरवून थांबवला नाही. पुढच्या स्पर्धेला घरातून निघताना लक्षात आलं, की आपण काहीच बोललेलो नाही.

पावसाळाभर माळावर चिखल असायचा, म्हणून आम्ही नीरा उजव्या कालव्याच्या भरावावरून धावायचो. एका अंगाला तुडुंब पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, वर बाभळी. पहाटे पाचला निघायचं. अंधारात पुढच्या मुलीच्या पावलांचा आवाज धरून धावायचं. हे शेवटचं वर्ष आहे, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पुढे बी.पी.एड., नाहीतर लग्न, नाहीतर दोन्ही. आमच्यातली एक तर दिवाळीनंतर सासरी जाणारच होती. ती म्हणायची, "तोवर पळून घेते." त्या पहाटांना मला देव फार जवळचा वाटायचा, देवळात वाटायचा त्याहून जवळचा. कारण सांगता येत नाही. छाती भात्यासारखी चालू असायची, पाय आपले आपण पडत असायचे आणि हे सगळं कुणीतरी आपल्याला दिलंय, असं सरळ, शंकेशिवाय वाटायचं. आजही मी जेव्हा 'श्रद्धा' म्हणते, तेव्हा मला तो भराव आठवतो.

विद्यापीठाच्या स्पर्धा कोल्हापूरला होत्या आणि माझी शर्यत नेमकी कार्तिकी एकादशीला आली. सरांनी उपास मोडायला सांगितलं नाही. आजीने डब्यात राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. खरं सांगायचं तर लांब पल्ल्याच्या धावपटूला याहून चांगलं जेवण नाही. रताळं अंगात हळूहळू उतरतं आणि पुरतं. सकाळी मैदानावर ताजी फक्की मारलेली होती. पहिल्या वळणावर सगळ्याजणी आतल्या रेषेला घुसल्या, तेव्हा ती पांढरी भुकटी उडून नाकातोंडात गेली. त्या चुन्याचा कोरडा, जिभेला चिकटणारा वास मला अजून ओळखता येतो. मातीच्या ट्रॅकला स्पाइकचे खिळे लांब लागतात. माझ्या बुटांचे दोन खिळे झिजलेले होते, ते सरांनी आदल्या रात्री पान्ह्याने बदलून दिले होते.

तीन हजारात पाचवी फेरी सगळ्यात वाईट. सुरुवातीचा ताजेपणा संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नाही. मांड्यांत आम्ल साठत जातं, हात जड होतात, आणि डोकं म्हणायला लागतं की थांबलीस तर कुणाचं काय जाणार आहे? त्या फेरीत मी तुळशीवाल्या आठवल्या. मान सोडली, खांदे खाली घेतले. वेग वाढला नाही, पण गळायचाही थांबला. मिरजेकडची एक मुलगी माझ्यापुढे होती. रुळावर टोला पडला तेव्हा तिच्या पाठीवरच्या क्रमांकाच्या कापडाची एक पिन सुटून ते फडफडत होतं आणि मी त्या फडफडीच्या मागे लागले. तिला गाठता आलं नाही. दुसरी आले आणि विद्यापीठाच्या संघात नाव लागलं.

जानेवारीत संघाचा सराव होता तेव्हा रमजान आला. आमच्या संघातला पाच हजार मीटर धावणारा एक मुलगा पुरे रोजे धरायचा. सहेरी करून तो आमच्याआधी मैदानावर असायचा. मोठा सराव तेव्हाच उरकायचा, कारण नंतर दिवसभर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. संध्याकाळी मगरिबनंतर खजूर खाऊन पुन्हा हलक्या फेऱ्या. आम्ही त्याच्यासमोर पाणी प्यायला संकोचायचो तर तो रागवायचा, "प्या ना गपचूप, ताई. माझ्या रोज्याला तुमच्या बाटलीनं काय होतंय?" एका एकादशीला आम्हा दोघांचाही उपास होता. त्या दिवशी त्याने माझ्या राजगिऱ्याच्या लाडवांतले दोन मागून घेतले आणि संध्याकाळी खजुराबरोबर खाल्ले. धावण्याबद्दल आणि अल्लाबद्दल तो फार बोलायचा नाही. एवढंच म्हणाला होता, की शेवटच्या फेरीत भूक लागत नाही, फक्त ऐकू जास्त येतं. मला ते लगेच पटलं.

अखिल भारतीय स्पर्धेला रेल्वेने दीड दिवसाचा प्रवास करून गेलो. तिथे केरळ आणि पंजाबकडच्या मुली बघूनच कळलं, की आपली जागा मधल्या घोळक्यात. पहिल्या तीन फेऱ्यांतच त्या निघून गेल्या. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मला काय झालं होतं कुणास ठाऊक! सातव्या फेरीला वळताना ऊन पाठीवर आलं, रामकृष्णहरीचा ठेका चालू होता, आणि माझ्या मनात आलं, की अजून एक वळण असतं तर बरं झालं असतं. सातवी आले. आयुष्यातली माझी सर्वांत चांगली वेळ त्या दिवशी लागली. सरांनी घड्याळ दाखवलं आणि पाठीवर इतक्या जोरात थाप मारली, की ती दोन दिवस दुखत होती. त्यानंतर मी स्पर्धेत धावले नाही.

पुढे शाळेत क्रीडाशिक्षिका झाले. आबा गेले, त्यांची वीणा धाकट्या काकांकडे आली. माळ माझ्याही गळ्यात आहे. माझ्या शाळेतल्या मुलींना मी विठोबाचं काही सांगत नाही, तो ज्याचा त्याने शोधायचा. पण आषाढात त्यांना रिंगणाला नेते आणि घोड्यांच्या आधी धावणाऱ्या बायकांकडे बघा, असं सांगते.

2016च्या 15 ऑगस्टला, झेंडावंदन, लाडू, भाषणं सगळं उरकून संध्याकाळी आम्ही माझ्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. रिओला 3,000 मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत होती आणि तीत आमच्या शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर होती. 1984 साली पी. टी. उषा लॉस एंजेलिसला सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदकाला मुकली, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ही पहिली भारतीय. माण म्हणजे पाण्याविना करपलेला मुलूख, आणि या शर्यतीत पाण्याचा खड्डा सात वेळा ओलांडायचा असतो. मुली मोठ्याने फेऱ्या मोजत होत्या. पाचव्या फेरीला मी त्यांना गप्प केलं आणि म्हटलं, आता तिची मान बघा. ललिता दहावी आली, वेळ 9 मिनिटं 22.74 सेकंद. एक मुलगी फुरंगटून म्हणाली, "बाई, पदक नाही मिळालं." बाकीच्यांनी तिला बोलूच दिलं नाही. त्यांचा वाद भलत्याच गोष्टीवर चालला होता. उद्या पहाटे अडथळा म्हणून शाळेतला कुठला बाक मैदानावर न्यायचा, आणि शिपाईमामांकडून किल्ली कोण मागणार?